कणसरीची चिमूट

आवणी, म्हणजे भाताची लावणी, अर्ध्यावर आली आणि पाऊस गेला. दोन दिवस गेला, चार दिवस गेला, आठवडा गेला. राबातून उपटलेली रोपं बांधावर मुठी-मुठीनं पडून पिवळी झाली. खाचरांतला चिखल वरून सुकला आणि त्याला केसाएवढ्या भेगा गेल्या. वेवजीच्या पुढं, गुजरातच्या हद्दीला टेकून असलेल्या बोंडारपाड्यात त्या दिवसांत तीन-चारच घरांच्या कणगीत भात उरला होता. बाकीच्यांकडे सकाळी कोरा चहा आणि संध्याकाळी पेज, आणि त्या पेजेत शितं शोधावी लागायची. पोरांचं पोटभर जेवण म्हणजे दुपारची शाळेतली खिचडी. तेवढंच.

ती खिचडी बुधी शिजवायची. अकरा वर्षं झाली होती. तीन वर्षांमागं नवरा बारक्या ताडावरून पडून कमरेतून लुळा झाला, तेव्हापासून घर तिच्याच अंगावर होतं. सकाळी ती मोळी डोक्यावर घेऊनच शाळेत यायची, कारण गॅसची टाकी शिमग्याला संपली ती कोणी भरून आणलीच नव्हती. फुकणीनं फुंकून फुंकून तिचे डोळे लाल व्हायचे. बावन्न पोरांचा टोप ती एकटी उतरवायची. उतरवताना कमरेत कळ आली की तोंडातल्या तोंडात एक शिवी द्यायची. ती चुलीला होती की कमरेला, हे तिचं तिला माहीत.

टोप खाली ठेवला की तीन बोटांत मावेल एवढा भात घ्यायचा आणि निखाऱ्यात टाकायचा. "घे गे कणसरी, आधी तू, मंग पोरं." कणसरी म्हणजे धान्याची आई. बुधीची आई असंच करायची, तिची आईही असंच करायची. ही काही पूजा आहे असं बुधीला कधी वाटलं नव्हतं. हात धुतले की लुगड्याला पुसावेत, तसं ते होतं.

त्या वर्षी वादळात तिसरीच्या वर्गाचे पत्रे उडाले. रविंद्र गुरुजींनी तो वर्ग स्वयंपाकाच्या पडवीत आणून बसवला, चुलीच्या अगदी समोर. पोरं पाढे म्हणता म्हणता टोपाकडं बघायची. महिनाभर त्यांनी टोप बघितला, आणि टोपाबरोबर बुधीचा हातही बघितला.

आणि एका दुपारी बुधी डाव घेऊन पंगतीतून चालली, तर सात पोरांच्या ताटल्या पालथ्या. सातवी ताटली तिच्या नातीची होती, प्रगतीची.

"पालथी का घातलीस गे?"

प्रगतीनं ताटली दोन्ही हातांनी दाबून धरली.

"पोटात दुखतं?"

"नाय."

"मंग सरळ कर. मागची पोरं खोळंबली."

"मी नाय खायची, आजी."

शेजारचा पोऱ्या धीट होता. तो म्हणाला, "आजी, तू आगीत भात टाकतंस ना, तो तुझ्या देवाला. देवाला दाखवलेलं आमाला नाय चालत. लहान्याकाकानं सांगलंय."

बुधीच्या डावातली खिचडी जमिनीवर ठिबकली. तिला आधी हसूच आलं. मग तिनं प्रगतीच्या मानेकडं बघितलं. मान खाली होती आणि घशात आवंढा वर-खाली होत होता. खिचडीचा वास पोरीच्या नाकाशीच होता.

दीपक हा बुधीचा एकुलता मुलगा, उंबरगावला कंपनीत जायचा. त्याचा धाकटा, दीपेश, दोन वर्षांचा असताना त्याला फिट यायला लागल्या. भगताला कोंबड्या दिल्या, धागे बांधले. सरकारी दवाखान्यातून गोळ्याही आणल्या. शेवटी सून कविता लहान्याच्या घरी रविवारच्या प्रार्थनेला जायला लागली. लहान्या गवंडी होता, पाड्यातली सहा-सात घरं त्याच्या ओट्यावर जमून येशूची प्रार्थना करायची. फिट थांबल्या. गोळ्यांनी थांबल्या की प्रार्थनेनं, हे कोण सांगणार? कवितानं मात्र शब्द दिला होता, की दुसऱ्या देवापुढचा घास या घरात कोणी खाणार नाही. त्यावरून दीपकनं ओढ्यापलीकडं वेगळं घर बांधलं. भांडण झालं नव्हतं. नुसतं घर वेगळं झालं होतं, आणि प्रगती रोज शाळेत आजीच्या हातचं खायची, म्हणून बुधीला ते वेगळं वाटायचं नाही.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर बुधी मनीषच्या खाचरात आवणीला गेली. मनीषकडं मोटर होती, ओढ्याच्या डोहातून तो पाणी ओढायचा. अख्ख्या पाड्यात त्याच्याच शेतात चिखल ओला होता, त्यामुळं पाड्यातल्या बायका त्याच्याच शेतात वाकलेल्या होत्या. कविताही होती. बुधी तिच्या शेजारची ओळ धरून मागं मागं सरकायला लागली. दोघींचे हात चिखलात, डोकी खाली.

"पोर उपाशी बसली," बुधी म्हणाली.

"माहीत हाय."

"तूच सांगितलंस?"

"मला आता कळलं, आये, तू शाळेतपण टाकतंस ते. आधी माहीत नव्हतं, तवर खाल्लं. आता कळून कसं खायला देऊ?"

"माझ्या हातचं खाऊन तुझा नवरा एवढा झाला."

"तुझ्या हातचं मी कदी नाय म्हटलंय? आजपण खाईन. तू फक्त टाकू नको. एवढंच."

"एवढंच," बुधी म्हणाली. तिनं रोपाची मूठ चिखलात जरा जास्तच खोल दाबली. "कणसरीला न देता टोप नाय उघडला गे मी कदी. हात नाय वळत."

"आणि माझ्या पोराला परत फिट आली मंग? तू नाय बघितलंस, आये. मी बघितलंय. डोळे पांढरे होतात. जीभ चावतो. मी त्याच्या दातांत बोट घातलं होतं." तिनं चिखलाचा हात वर करून दाखवला. तर्जनीवर दातांची खूण अजून होती.

बांधावरून मनीष ओरडला, "ए डोकरे, आवणी करतंस का सभा भरवलीस? ओळ बघ तुझी, सापासारखी चाललीय!"

बायका हसल्या. बुधीनं ओळ सरळ केली.

पुढचे चार दिवस प्रगतीची ताटली पालथीच राहिली. बुधीनं घरून पेज आणून तिला दिली, तर पोरीनं विचारलं, "हिच्यातलं टाकलंस?" टाकलं होतं. बुधीला खोटं बोलता आलं नाही. घरी बारक्या खाटेवरून म्हणाला, "तुझी कणसरी काय उपाशी मरत नाय, आणि तिचा येशूपण नाय मरत. तू पोरीला खायला घाल ना!"

"तू गप पड."

"पडलोच हाय. तीन वर्षं."

पाचव्या दिवशी सकाळी पोरं प्रार्थनेला उभी होती. फळ्याच्या वर देवीचा फोटो, त्याला प्लास्टिकचा हार. पोरं हात जोडून देवीचं गाणं म्हणत होती. त्या सात पोरांचे हात खाली, मांड्यांना चिकटलेले. मनीष शाळेच्या समितीचा अध्यक्ष होता. पत्र्यांचं माप घ्यायला आला होता. त्यानं ते हात बघितले. गाणं संपायच्या आत प्रगती गुडघ्यातून दुमडली आणि खाली बसली. बुधी चुलीवरून धावली. पोरीचं कपाळ थंडगार, ओठ पांढरे.

"नाटक," मनीष म्हणाला. "हात जोडायला नको म्हणून."

शनिवारी शाळेत सभा भरली. बायका दाराबाहेर बसल्या, बुधी त्यांच्यात. गुरुजींच्या टेबलावर दगडाखाली दोन कागद होते. रविंद्र गुरुजी लांबचे, विदर्भाकडचे. नऊ वर्षं बोंडारपाड्यात होते, खोलीवर एकटे राहायचे. कोणत्या जत्रेला नाहीत, कोणत्या भगताकडं नाहीत, लहान्याच्या ओट्यावरही नाहीत.

"तालुक्याला दोन अर्ज गेलेत," गुरुजी म्हणाले. "एकात लिहिलंय, शाळेच्या चुलीवर देवाचं करतात. दुसऱ्यात लिहिलंय, शाळेत काही मुलं देवाला हात जोडत नाहीत. वर साहेबांचा शेरा आहे, की स्थानिक पातळीवर मिटवा. आता मी काय करू, ते दोघांनी मिळून सांगा."

कोणीतरी हसलं. मनीष हसला नाही.

"सरकारच्या शाळेत यायचं तर सरकारची प्रार्थना म्हणायची," तो म्हणाला. "आम्ही लहानपणी म्हटली. आम्हाला काय झालं?"

लहान्या उठला. त्याच्या नखांत सिमेंट होतं. "ती सरकारची कुठं हाय? त्या फोटोतल्या बाईची हाय."

"बाई म्हणतोस? देवी म्हण!"

"तुझी देवी. मी तिला वाईट बोललो का? आमची पोरं उभी राहतात, गप राहतात, अजून काय पायजे? पण खाण्यात तरी देव घालू नका. तांदूळ सरकारचा हाय, ना तुझ्या देवाचा, ना माझ्या."

"मंग तुझ्या पोरांना बिस्किटं घेऊन दे की. तुझ्या फादरला सांग."

"मनीषभाऊ," गुरुजी म्हणाले. त्यांनी भिंतीकडं बोट केलं. तिथं रंगानं संविधानाचं पहिलं पान लिहिलेलं होतं, पोरं ते रोज सकाळी पाठ म्हणायची. "यात लिहिलंय, ज्याला जे मानायचं ते मानू द्या. याचा अर्थ शाळेनं कोणाचंच धरायचं नाही."

"मंग फोटो कोणी लावला, गुरुजी?"

गुरुजींनी फोटोकडं बघितलं. "मी यायच्या आधीपासून आहे," ते म्हणाले.

दोन तास बोलणं झालं. प्रार्थना आहे तशी राहावी असं ठरलं. ज्यांना हात जोडायचे नाहीत, त्यांनी मागच्या रांगेत उभं राहावं. हे मात्र कागदावर लिहू नये, कारण लिहिलं की परत अर्ज होतील. फोटोचं कोणी बोललं नाही. बुधीनं एक विचार आधीच करून ठेवला होता, तो ती दारातून बोलली, "दोन टोप केले तर? एक लहान, एक मोठा."

"नाही, बुधीबाई," गुरुजी लगेच म्हणाले. "शाळेत दोन टोप होणार नाहीत. आज दोन टोप, उद्या दोन हंडे. ते मी माझ्या हातानं सुरू करणार नाही."

हे त्यांचं बरोबर होतं. बुधीलाही ते कळलं. मग राहिलं काय, तर तिची चिमूट. लिहून घेतलं ते फक्त तेवढंच, की स्वयंपाक करताना कोणताही धार्मिक विधी करणार नाही. विधी म्हणजे काय ते गुरुजींनी तिला समजावून सांगितलं. तिनं अंगठा दिला. शाईचा अंगठा तिनं शाळेच्या दगडी पायरीवर घासला, पण निळा रंग नखात राहिला.

सोमवारी तिनं उजव्या हाताची बोटं फडक्यानं बांधून घेतली आणि डाव्या हातानं टोप उघडला. निखाऱ्याकडं बघितलंच नाही. प्रगतीनं ताटली सरळ धरली. बुधीनं दोन डाव वाढले, पोरीनं मान वर न करता सगळं चाटून पुसून खाल्लं आणि परत ताटली पुढं केली. बुधीला वाटलं, कणसरी बघत असली तर हेही बघत असेल.

मंगळवार तसाच गेला. बुधवारी फडकं बांधलं नाही, कारण त्या हातानं डाव नीट धरता येत नव्हता. नुसतं लक्षात ठेवलं. गुरुवारी पाऊस परत आला आणि असा आला की पडवीत पाणी शिरलं. लाकडं भिजली. चूल विझायला लागली, धूर कोंडला, पोरं खोकायला लागली. गुरुजी पोरांना वर्गात नेत होते, कोणाचं दप्तर भिजलं म्हणून कोणी रडत होतं. बुधीनं डोळे मिटूनच टोप उतरवला, कमरेत कळ आली, शिवी दिली, झाकण काढलं, वाढायला लागली. प्रगती त्या दिवशी दोनदा जेवली.

त्याच संध्याकाळी, दिवस मावळायच्या आत, दीपेशला फिट आली.

ओढ्याला पाणी होतं. दीपक कामावर. मनीषच्याच जीपमधून पोराला दवाखान्यात नेलं, तो स्वतः चालवत होता. कविता मागं पोराला मांडीवर घेऊन बसली होती, बुधीनं त्याचे पाय धरले होते. पाय ताठ, लाकडासारखे, आणि मधूनच हिसका देणारे.

डॉक्टरणीनं सुई दिली. पोर ढिलं पडून झोपलं. ती म्हणाली, "गोळ्या चालू आहेत ना?"

"संपल्या," कविता म्हणाली. "पंधरा दिवस झाले. आवणी चालू, कोण येणार?"

"गोळ्या बंद करायच्या नाहीत. कितीदा सांगायचं तुम्हाला?"

कवितानं मान हलवली. तिनं ते ऐकलं, पण घेतलं नाही, हे बुधीला तिच्या डोळ्यांवरून कळलं. वऱ्हांड्यात आल्यावर कवितानं सासूचा हात धरला. रागानं धरला नव्हता.

"आये, खरं सांग. आज टाकलंस?"

बुधीनं तोंड उघडलं. नाही म्हणायचं होतं. मग तिला टोप आठवला, धूर आठवला, कमरेतली कळ आठवली, झाकण काढल्यावर तोंडावर आलेली वाफ आठवली. आणि त्याच्यापुढं पंगतीतली पहिली ताटली. मधल्या वेळात हात कुठं होता? साठ वर्षं जे हात करतो, ते तो विचारून करत नाही. तिनं हाताकडं बघितलं. बोटाच्या टोकाला भाजल्याची लाली होती, पण ती रोजच असते.

"नाय टाकलं म्हण," कविता म्हणाली. तिचा आवाज लहान पोरीसारखा झाला होता. "तू म्हण, मी मानते. तुझ्या तोंडचं मानते मी."

"माहीत नाय गे," बुधी म्हणाली.

कवितानं हात सोडला.

शुक्रवारी पाड्यात दोन गोष्टी फिरत होत्या. लहान्याच्या ओट्यावरचे म्हणाले, डोकरीनं अंगठा देऊनही टाकलं, म्हणून पोराला धरलं. पाण्याच्या हंड्यांजवळ मनीषची आई म्हणाली, अकरा वर्षांची चिमूट बंद केली, कणसरी दुसरं काय करील? तिच्याच नातवाला धरलं. बुधी हंडा घेऊन रांगेत उभी होती. दोन्ही बाजूंनी बायका जरा जरा सरकल्या.

ती शाळेत गेली. चूल पेटवली. हात छातीशी घट्ट धरून एकेक काम केलं, आणि प्रत्येक काम करताना तोंडानं म्हटलं, आता मीठ, आता झाकण, म्हणजे आपलं आपल्याला कळत राहावं. टोप घेऊन पंगतीत आली.

सगळ्या ताटल्या पालथ्या होत्या. ती सात पोरं वेगळी ओळखू येत नव्हती. एकावन्न ताटल्या, दीपेशपाशी थांबलेल्या प्रगतीची जागा रिकामी. पहिलीतलं एक बारकं पोर ताटली सरळ करत होतं, त्याच्या बहिणीनं त्याच्या हातावर चापट मारली.

"खा रे," बुधी म्हणाली. "मी काय नाय टाकलं. किंवा तुम्ही म्हणता तर टाकते. काय करू ते सांगा. कोणी तरी सांगा."

बाहेर पावसाचा आवाज. गुरुजी वर्गातून आले. त्यांनी एक ताटली घेतली, पोरांच्या मध्ये मांडी घालून बसले आणि खायला लागले. सगळी खाल्ली. मग परत मागितली. तेवढंच. एकानंही त्यांच्यामागं ताटली उचलली नाही.

बुधीनं उरलेला टोप झाकला. डाव धुतला, खिळ्याला लावला. "गुरुजी, उद्यापासून मी नाय येत."

"बुधीबाई, असं करू नका. मी बोलतो त्यांच्याशी."

"मी गेली की पोरं खातील."

"तुमचं काय?"

ती मोळीची दोरी घेऊन निघाली.

दुसरी बाई कोणी मिळेना. लहान्याच्या बाजूची घेतली असती तर मनीषची पोरं उठली असती, मनीषच्या बाजूची घेतली असती तर लहान्याची. सोमवारी शाळेच्या कौलांतून काळा, जाड धूर निघाला. करपल्याचा वास ओढ्यापर्यंत आला. गुरुजी स्वतः चुलीपाशी बसले होते. वर्गात फळा कोरा होता, मोठी पोरं लहानांना हाणत होती. दुपारी मात्र ताटल्या वाजल्या. गुरुजींचा देव कोणता, हे पाड्यात कोणालाच माहीत नव्हतं.

बुधी मनीषच्या खाचरात होती. आता ती सकाळपासूनच असायची. बायकांनी तिच्यासाठी बांधाकडची, दगडांची ओळ सोडली होती. पाणी पोटऱ्यांपर्यंत, पाठीवर प्लास्टिकचा कागद, त्यावर पाऊस. ताटल्या वाजल्या तेव्हा ती उभी राहिली आणि आवाज थांबेपर्यंत उभीच राहिली. मनीष बांधावर होता. त्या दिवशी त्यानं तिला ओळीवरून टोकलं नाही.

शाळा सुटल्यावर प्रगती बांधावर आली. जवळ आली नाही, चार हात लांब उभी राहिली.

"आजी, गुरुजींनी विचारायला पाठवलंय. भात वरून कच्चा राहतो आणि खालून करपतो. कसं करायचं?"

"खाल्लंस ना तू?"

"हो."

"सगळ्यांनी?"

"सगळ्यांनी. तोंड वाकडं करून." पोरगी जरा हसली. "सांग ना. मला पाठ करून जायचंय."

बुधीनं हातातली रोपाची मूठ पाण्यात खोचली.

"आधी चुलीतला जाळ बाजूला काढायचा. नुसत्या निखाऱ्यावर ठेवायचं. डाळ आधी, तांदूळ मागनं. पाणी मनगटाच्या हाडापर्यंत. त्यांचं मनगट मोठं हाय, म्हणावं, त्याच्या जरा खाली."

"जाळ बाजूला. डाळ आधी, तांदूळ मागनं. पाणी मनगटाच्या खाली."

"कडेनं बुडबुडे आले की मीठ. ढवळायचं नाय. भातावर भोकं पडली की टोप उतरवायचा, दोघांनी, एकट्यानं नाय. झाकण काढायचं."

"झाकण काढायचं," प्रगती म्हणाली. "मंग?"

पाऊस कागदावर वाजत होता. बुधीनं पोरीकडं बघितलं. तिच्या गालांवर जरा रंग परत आला होता.

"मंग काय नाय," ती म्हणाली. "मंग वाढायचं."

"मंग वाढायचं," प्रगतीनं म्हटलं, आणि ती बोटं मोजत, पुन्हा पहिल्यापासून म्हणत बांधावरून शाळेकडं गेली.